'मॅन' म्हणजे माणूस होता, म्हणून?

आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत यंदा पहिल्यांदाच एक बाई निवडून आल्या. फाटकाजवळच्या पत्र्याच्या पाटीवर वर 'चेअरमन' आणि खाली नाव, ही वर्षानुवर्षांची रीत. पेंटरने जुनं नाव पॉलिश पेपरने घासून काढलं, ब्रश डब्याच्या काठावर टेकवला आणि विचारलं, "वरचं तेच ठेवू ना?" तेवढ्या प्रश्नावर सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस वाद पेटला. एका बाजूने फॉरवर्ड आला की 'मॅन' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला मूळ अर्थ 'माणूस' असा आहे, 'पुरुष' असा नाहीच. तेव्हा चेअरमन हा शब्द बाईलाही तितकाच लागू पडतो, पाटी बदलायचं काही कारण नाही. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं की इंग्रजी भाषाच पुरुषांनी स्वतःसाठी घडवली आहे, म्हणून तर 'हिस्टरी'त 'हिज' आहे आणि 'वुमन'मध्ये 'मॅन' आहे. दोन्ही फॉरवर्ड पुढे किती ग्रुपांवर गेले असतील, देव जाणे.

हा वाद आमच्या फाटकापुरता नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबने त्या नियमांत 'बॅट्समन'ऐवजी 'बॅटर' हा शब्द घातला, तेव्हाही हेच दोन मुद्दे समोरासमोर उभे राहिले होते. मला यातली पहिली बाजू अर्धी खरी वाटते, दुसरीची शब्दव्युत्पत्ती बरीचशी चुकीची वाटते, आणि तरीही पाटी बदलावी हे दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला पटतं. शब्दाचा जन्म कुठे आणि कशासाठी झाला, यावरून आज त्याच्या पोटात कोण मावतं हे ठरत नाही. ते ठरतं लोक तो शब्द कसा वापरतात यावरून. आणि हक्क, पद, मान यांची वाटणी करायची वेळ येते तेव्हा त्याचा अर्थ कोण लावतं यावरून. 'मॅन'ची ही परीक्षा दीडशे वर्षांपूर्वी भर कोर्टात झालेली आहे आणि तिचा निकाल लेखी आहे.

पण आधी पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते हातचं न राखता मान्य करू, कारण ते खरोखरच सुंदर आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'मान' (तेव्हाचा उच्चार आजच्या 'मॅन'पेक्षा आपल्या 'मन'च्या जवळचा) म्हणजे माणूस, बाई असो वा बुवा. पुरुषासाठी 'वेर' असा वेगळा शब्द होता आणि बाईसाठी 'वीफ'. एल्फ्रिक नावाच्या धर्मगुरूच्या प्रवचनात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईचा, हेलेनाचा उल्लेख येतो. ती फार श्रद्धाळू होती हे सांगताना तो तिला सरळ 'मान' म्हणतो, आणि त्यात त्याच्या श्रोत्यांना काही वावगं वाटलं असण्याचं कारण नाही. बाई की पुरुष हे मुद्दाम सांगायचं असेल तर दोन जोडशब्द होते, 'वीफमान' आणि 'वॅपनेडमान'. पहिला म्हणजे बाईमाणूस, दुसरा म्हणजे शस्त्र बाळगणारा माणूस, अर्थात पुरुष. राजा आल्फ्रेडच्या मृत्युपत्रातसुद्धा कुळाच्या दोन बाजू 'भाल्याची' आणि 'चातीची' अशा सांगितल्या आहेत: भाला पुरुषांचा, चाती सूत कातणाऱ्या बायकांची.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. आपण 'बाईमाणूस' म्हणतो, 'गडीमाणूस' म्हणतो, 'पुरुषमाणूस' म्हणतो. जोड तीच, मधला सांधाही तोच. आणि हा योगायोग निव्वळ वरवरचा नाही, कारण इंग्रजी 'मॅन' आणि आपला 'माणूस' हे दूरचे भाऊबंद आहेत. संस्कृतातला 'मनु' आणि 'मनुष्य' हे त्याच कुळातले. तो हरवलेला 'वेर' तर आपल्या 'वीर'चा सख्खा नातलग, लॅटिनमधल्या 'विर'चाही. माझी आजी एखाद्या शेजारणीबद्दल बोलताना म्हणायची, "एकटं बाईमाणूस, कसं करत असेल?" 'एकटी' नव्हे, 'एकटं'. बाईमाणूस नपुंसकलिंगी. जुन्या इंग्रजीत 'वीफ' हा शब्दही व्याकरणाने नपुंसकलिंगीच होता, आणि 'वीफमान' मात्र पुल्लिंगी. तीन लिंगांच्या भाषेत वाढलेल्या आपल्याला याचं नवल वाटत नाही; आजच्या इंग्रजांना वाटतं, कारण त्यांच्या भाषेतून ती व्यवस्थाच गेली.

'वेर' कुठे गेला? तो तेराव्या शतकाच्या आसपास मावळला. त्याचे काही अवशेष उरले आहेत. चांदण्या रात्री लांडगा होणारा माणूस, 'वेअरवुल्फ', त्यात तो आहे. 'वर्ल्ड' या शब्दात आहे. त्याची जुनी फोड 'माणसांचं युग' अशी होते. 'वेरगिल्ड' म्हणजे एखाद्याचा खून झाला तर खुन्याने त्याच्या नातलगांना द्यायची भरपाई. जुन्या इंग्लंडमधल्या वेसेक्सच्या राज्यात साध्या शेतकऱ्याच्या जिवाची किंमत २०० शिलिंग आणि सरदाराची १२०० शिलिंग होती. 'वीफ' तगला, पण आक्रसला. त्याचं 'वाइफ' होऊन 'बायको' एवढाच अर्थ उरला. 'मिडवाइफ' म्हणजे सुईण, या शब्दात मात्र तो अजून जुन्या अर्थाने उभा आहे, कारण ती कोणाची बायको म्हणून नव्हे, बाळंतिणीच्या सोबत असणारी म्हणून मिडवाइफ. आणि 'वीफमान'चं घासत घासत झालं 'वुमन'.

तेव्हा 'वुमन'मध्ये 'मॅन' आहे म्हणून तो अपमान, हा दावा टिकत नाही. तिथला 'मॅन' पुरुष नाही, माणूस आहे. 'हिस्टरी'त 'हिज' शोधणं तर त्याहून चूक, कारण तो शब्द ग्रीक 'हिस्टोरिया'वरून आला, त्याचा अर्थ चौकशी, शोध. 'फीमेल'मध्ये 'मेल' मुळात नव्हताच; फ्रेंच 'फेमेल'चं स्पेलिंग लोकांनी 'मेल'शी जुळवून घेतलं. 'ह्यूमन' लॅटिन 'हुमानुस'वरून आला, त्याचा 'मॅन'शी काही संबंध नाही. स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी अशी खोटी व्युत्पत्ती वापरू नये असं मला मनापासून वाटतं. समोरच्याला एक चूक सापडली की तो सगळा मुद्दाच केराच्या टोपलीत टाकतो, आणि इथे खरा पुरावा इतका भक्कम असताना खोट्याची गरजच काय?

आता पहिल्या बाजूकडे वळू. मूळ अर्थ 'माणूस' होता, कबूल. त्यावरून आज काय सिद्ध होतं? संस्कृतात 'मृग' म्हणजे कुठलंही रानातलं जनावर. म्हणून सिंह 'मृगराज' आणि माकड 'शाखामृग'. हळूहळू तो शब्द हरणापुरता उरला. इंग्रजीत नेमकं हेच घडलं: जुन्या इंग्रजीत 'देओर' म्हणजे कुठलंही जनावर, आणि आज 'डियर' म्हणजे हरीण. आता समजा वनखात्याने फलक लावला, 'मृगांना खाऊ घालू नये', आणि एकाने माकडांना केळी घातली. पकडल्यावर तो म्हणाला, हा फलक फक्त हरणांबद्दल आहे. त्याला कोणी 'अरे, मृगचा मूळ अर्थ सगळी जनावरं' असं सांगून दंड करेल का? 'तेल' हा शब्द तिळावरून आला म्हणून शेंगदाण्याच्या तेलाला तेल म्हणायला कोणी हरकत घेतो का? 'कुशल' म्हणजे कुश नावाचं गवत हात न कापता तोडणारा, 'प्रवीण' म्हणजे वीणा उत्तम वाजवणारा. ही माहिती रंजक आहे, शाळेत सांगण्याजोगी आहे. पण कुणाच्या कौशल्याचा वाद मिटवायला आपण कुश मागवत नाही.

अर्थ आक्रसतो तेव्हा तो दर वेळी सहज, आपोआप आक्रसत नाही, याकडेही लक्ष द्यायला हवं. 'वेर' गेला आणि त्याची रिकामी जागा 'मॅन'ने घेतली. 'वीफमान' मात्र राहिला. म्हणजे सगळ्यांसाठी असलेला शब्द पुरुषाने स्वतःच्या नावावर करून घेतला आणि बाईला तिचा वेगळा जोडशब्द उरला. मध्यंतरी बराच काळ दोन्ही अर्थ नांदत होते. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७५२ साली प्रजननाच्या इच्छेबद्दल लिहिताना सर्व 'मेन', त्यात पुरुष आणि स्त्रिया दोघेही, अशी शब्दयोजना करतो. पण बघा, त्यालाही 'पुरुष आणि स्त्रिया दोघेही' असं उलगडून सांगावं लागलं. शब्द निःसंदिग्ध असता तर तो खुलासा कशाला हवा होता?

याच दुहेरी अर्थात खरा धोका आहे. एकच शब्द दोन मापांनी मोजतो, आणि कुठलं माप कधी लावायचं हे ज्याच्या हाती सत्ता तो ठरवतो. हा माझा तर्क नाही, हे घडून गेलेलं आहे. १८५० साली ब्रिटिश पार्लमेंटने कायद्यांची भाषा आखूड करण्यासाठी एक कायदा केला. त्यात म्हटलं होतं की कायद्यात पुल्लिंगी शब्द आला तर, उलट काही सांगितलेलं नसल्यास, त्यात स्त्रियाही धराव्यात. पुढे १८६७ मध्ये मतदानाचा हक्क वाढवणारं विधेयक आलं. त्यात शब्द होता 'एव्हरी मॅन'. त्याआधीच्या १८३२ च्या कायद्यात स्पष्ट 'मेल पर्सन' असा शब्द होता. आता तो नव्हता. तत्त्वज्ञ आणि तेव्हाचे खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांनी २० मे १८६७ रोजी 'मॅन'च्या जागी 'पर्सन' घाला अशी दुरुस्ती मांडली. बाजूने ७३ मतं पडली, विरोधात १९६. विधेयक 'मॅन' या शब्दासकट मंजूर झालं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मँचेस्टरमध्ये पोटनिवडणूक होती. तिथे लिली मॅक्सवेल नावाची एक स्कॉटिश बाई कपबश्या आणि भांडीकुंडी विकण्याचं छोटं दुकान चालवत होती. मतदारयादीत चुकून तिचं नाव आलं. बायकांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या लिडिया बेकर यांनी तिला शोधून काढलं आणि मतदान केंद्रावर सोबत नेलं. तेव्हा गुप्त मतदान नव्हतं, ते १८७२ मध्ये आलं. मतदाराने सगळ्यांसमोर उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं. लिलीने जेकब ब्राइट यांचं नाव घेतलं, अधिकाऱ्यांनी ते नोंदवलं आणि तिथल्या लोकांनी तिचा जयजयकार केला. मी हा प्रसंग अनेकदा डोळ्यांसमोर आणला आहे. वयाने साठीच्या पुढची, दुकानाचं भाडं आणि कर स्वतः भरणारी ती बाई, भोवती पुरुषांची गर्दी, आणि ती स्पष्ट आवाजात एक नाव उच्चारते. त्या एका क्षणी 'मॅन' या शब्दात ती मावली होती.

पुढच्या वर्षी मँचेस्टरच्या पाच हजारांहून जास्त बायकांनी मतदारयादीत नाव घालण्याची मागणी केली. ती नाकारली गेली आणि प्रकरण 'चोर्ल्टन विरुद्ध लिंग्ज' या नावाने कोर्टात गेलं. बायकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत रिचर्ड पॅन्कहर्स्ट होते, ज्यांची पत्नी एमेलिन पुढे मताधिकाराच्या लढ्यामुळे जगाला माहीत झाली. त्यांचं म्हणणं काय होतं? आमच्या ग्रुपवरच्या पहिल्या फॉरवर्डचंच: 'मॅन' म्हणजे माणूस. त्याला वर १८५० च्या कायद्याचा आधार. इतकी पक्की बाजू आणखी काय हवी? पण नोव्हेंबर १८६८ मध्ये निकाल विरुद्ध गेला. न्यायमूर्तींपैकी एकाने म्हटलं त्याचा आशय असा: प्राणिशास्त्राच्या किंवा जीवाश्मांच्या ग्रंथात 'मॅन' हा शब्द आला तर त्यात पुरुष, स्त्रिया, मुलं सगळे धरले जातील, तत्त्वज्ञानात आणि धर्मचर्चेतही तो व्यापक अर्थाने येतो, परंतु इतर जवळपास सगळीकडे 'मॅन' हा 'वुमन'च्या विरुद्ध अर्थानेच वापरतात. म्हणजे जीवाश्म झाल्यावर बाई 'मॅन' होती, मत द्यायला आल्यावर नव्हती. आज जे लोक 'मूळ अर्थात तुम्हीही आहात, मग तक्रार कसली' असं म्हणतात, त्यांनी हा निकाल वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. हाच मुद्दा बायकांनी केला होता, सगळ्यात आधी, सगळ्यात चांगल्या वकिलांकरवी. तो त्यांच्या कामी आला नाही. आता तोच मुद्दा त्यांना गप्प बसवायला वापरला जातो.

आपल्याकडचं उदाहरण याहून नेमकं आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत आठव्या कलमात लिहिलं होतं की इंग्रजी 'ही' (he, म्हणजे 'तो') हे सर्वनाम कुठल्याही व्यक्तीला लागू होतं, पुरुष असो की स्त्री. आणि दहाव्या कलमात? 'मॅन' म्हणजे कुठल्याही वयाची पुरुष व्यक्ती, 'वुमन' म्हणजे कुठल्याही वयाची स्त्री व्यक्ती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही 'मॅन'ची व्याख्या तीच आहे. देशाचा फौजदारी कायदा दीडशेहून अधिक वर्षं सांगतो आहे की 'मॅन' म्हणजे पुरुष. मग सोसायटीच्या पाटीपुरता तो हजार वर्षं मागे जाऊन एल्फ्रिकच्या प्रवचनातला अर्थ कसा धारण करेल?

विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि त्याला मी टाळणार नाही. ते म्हणतात, शब्द बदलून काय होतं? माणसं बदलली पाहिजेत. त्यांच्या हाताशी पुरावाही चांगला आहे. १९०८ मध्ये स्कॉटलंडच्या पदवीधर बायकांनी विद्यापीठ मतदारसंघात मत मागितलं. तिथल्या कायद्यात 'मॅन' नव्हता, 'पर्सन' होता, मिल यांना हवा होता तोच शब्द. त्यांच्यापैकीच एक, क्रिस्टल मॅकमिलन यांनी, तेव्हा अपिलांचं शेवटचं न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर स्वतः उभं राहून बाजू मांडली. लॉर्ड्सनी ठरवलं की 'पर्सन'मध्येही स्त्रिया येत नाहीत. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांना कलकत्ता उच्च न्यायालयाने वकिली करू दिली नाही, पदवी होती, पात्रता होती, आणि पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धराव्यात असं सांगणारा १८९७ चा कायदाही होता. आपल्या गावांत बघा: 'सरपंच' या शब्दात पुरुषपणा कुठेच नाही. तरीही सरपंच बाईंच्या खुर्चीत त्यांचे यजमान बसलेले आणि सह्याही तेच करताना आपण किती ठिकाणी पाहिलं आहे! फारसीत आणि तुर्कीत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे. तेवढ्याने इराणमधल्या बायकांचा लढा सोपा झालेला नाही.

हे सगळं खरं आहे. पण यातून निघतं ते इतकंच की शब्द पुरेसा नाही. तो बिनमहत्त्वाचा आहे हे यातून निघत नाही. 'पर्सन'ची गोष्ट १९०८ ला संपली नाही. कॅनडात एमिली मर्फी आणि त्यांच्या चार सहकारी बायकांनी विचारलं की सिनेटवर 'पर्सन' नेमता येते, तर त्यात स्त्री येते की नाही? १९२८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'नाही' म्हटलं. त्या लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्यातल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेल्या, आणि १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लॉर्ड सँकी यांनी निकाल दिला की 'पर्सन'मध्ये स्त्री येते. त्यांनी उलट प्रश्न केला: हा शब्द स्त्रियांना का लागू नसावा, हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर आहे. पुढच्याच वर्षी केरीन विल्सन सिनेटर झाल्या. हा निकाल 'मॅन' या शब्दावर देता आला असता का? मला वाटत नाही. समावेशक शब्दावर उद्या नवा न्यायाधीश नवा अर्थ लावू शकतो. ज्या शब्दाच्या कपाळावरच पुरुष लिहिलं आहे, त्यावर तो मार्ग फार अरुंद होतो. आपल्याकडेही रेजिना गुहांच्या निकालानंतर सात वर्षांनी, १९२३ मध्ये, वेगळा कायदा करून बायकांना वकिलीचं दार उघडावं लागलं. आणि सरपंचबाईंचं म्हणाल, तर त्यांचे यजमान खुर्ची बळकावू शकतात, पण 'सरपंच म्हणजे पुरुषच' असं म्हणून कोणी त्यांचा अर्ज फेटाळू शकत नाही. मँचेस्टरच्या बायकांचे अर्ज एका शब्दावर फेटाळले गेले होते.

म्हणूनच मला हंसा मेहता फार मोठ्या वाटतात. सुरतच्या, मुंबईत सार्वजनिक जीवन घडलेल्या, मुंबई प्रांतातून संविधान सभेवर गेलेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'ऑल मेन' असा शब्द होता: सर्व 'मेन' स्वतंत्र आणि समान जन्मतात. आयोगाच्या अध्यक्ष, अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट यांना त्यात अडचण वाटत नव्हती. अमेरिकेत 'मेन' म्हटलं की सगळेच आले असं समजतात, असं त्यांचं म्हणणं. हंसाबाईंनी हरकत घेतली. काही देश याचा अर्थ शब्दशः लावतील आणि बायकांना वगळतील, हे त्यांनी ठासून सांगितलं. १९४८ च्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमात शब्द आला 'ऑल ह्यूमन बीइंग्ज'. त्यांच्या मनात चोर्ल्टनचा खटला होता की नाही हे महत्त्वाचं नाही. त्या अशा देशातून आल्या होत्या जिथे इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रज न्यायाधीश लावायचे आणि त्याचे परिणाम आपल्या बायका भोगायच्या. हा शब्द कुठे अडवतो, हे त्यांना भाषाशास्त्राच्या पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

एका बाबतीत मात्र मी बदलाच्या आग्रही मंडळींपासून वेगळा होतो. जुनी वाक्यं, जुने ग्रंथ, जुनी भाषणं सुधारत बसू नये. २० जुलै १९६९ ला नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले तेव्हाचं त्यांचं वाक्य घ्या: 'मॅन'चं लहान पाऊल, 'मॅनकाइंड'ची मोठी झेप. त्यांना एका माणसाचं पाऊल म्हणायचं होतं. 'मॅन'च्या आधीचा, 'एक' या अर्थाचा इंग्रजी 'अ' ऐकू येत नाही, आणि तो नसला की 'मॅन' आणि 'मॅनकाइंड' यांचा अर्थ एकच होऊन बसतो. एका शब्दाच्या दोन अर्थांनी चंद्रावरसुद्धा घोटाळा केला. ते वाक्य आहे तसंच राहावं, तो त्या काळाचा दस्तऐवज आहे. पुसून टाकल्यावर मुलांना कळणार कसं की एके काळी असं बोलत असत? जाहीरनामा, कायदा, पदाचं नाव, नोकरीची जाहिरात, शाळेतलं पुस्तक, यांचं तसं नाही. तिथे शब्द माणसाला आत घेतो किंवा बाहेर ठेवतो. १९७३ मध्ये जोसेफ श्नायडर आणि सॅली हॅकर यांनी विद्यार्थ्यांना समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकासाठी प्रकरणवार चित्रं आणायला सांगितली होती. ज्यांना मिळालेल्या मथळ्यांत 'मॅन' होता, त्यांनी नुसत्या पुरुषांची चित्रं जास्त आणली. मूळ अर्थ त्यांच्या प्राध्यापकांना ठाऊक असेलही. चित्रं निवडणाऱ्या हाताला तो ठाऊक नव्हता.

यावर मला एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल, आणि आमच्याच इमारतीतल्या एका काकांनी तो घेतला: "अहो, मराठीत 'चेअरमन' म्हणताना त्यातला 'मन' कोणाला ऐकू येतो? पोस्टमन, वॉचमन, लाइनमन, सगळे आपण आख्खे गिळलेले शब्द." बरोबर आहे, उसना शब्द पोटातल्या तुकड्यांसकट येत नाही. पण मग फाटकावर बाई राखणीला आली की आपण 'लेडी वॉचमन' का म्हणतो? 'लेडी' जोडावं लागतं, कारण नुसता शब्द पुरुषाचा वाटतो. काका म्हणतील, आपण 'लेडी डॉक्टर'ही म्हणायचो, त्यात कुठे 'मन' होता? खरंय. पण बायका डॉक्टर होत गेल्या तसा तो 'लेडी' गळून पडत चालला, कारण उरलेल्या शब्दात त्यांना जागा होती.

मराठीने हा प्रश्न सोडवायचा ठरवला तर आपल्याला इंग्रजीपेक्षा सोपं आहे. 'फलंदाज' आणि 'गोलंदाज' आपण कधीपासूनच म्हणतो. स्मृती मंधानाला फलंदाज म्हणताना जीभ अडखळत नाही. २५ जुलै २००७ ला प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा 'पती' या शब्दावरून बरीच चर्चा झाली, चेष्टाही झाली. पण 'राष्ट्रपती म्हणाल्या', 'राष्ट्रपती आल्या' असं क्रियापद बोलू लागलं आणि वर्षभरात कानाला ते सवयीचं झालं. आपलं क्रियापदच लिंग सांगतं; नामावर ते ओझं टाकायची गरज नसते.

पण धोका आपल्याही दारात आहे. 'माझी माणसं' म्हटलं की त्यात आई, बहीण, सून सगळ्या येतात. 'दारात एक माणूस उभा आहे' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? आणि विदर्भात एखादी बाई 'माझा माणूस गावाला गेलाय' म्हणते, तेव्हा तो तिचा नवरा असतो. 'मॅन' ज्या वाटेने गेला, त्याच वाटेवर आपला 'माणूस' बराच पुढे आला आहे. आजीचं नपुंसकलिंगी 'बाईमाणूस' मी गेल्या कित्येक वर्षांत तरुण तोंडातून ऐकलेलं नाही.

पाटीचं सांगायचं राहिलं. नव्या बाईंनी ग्रुपवरचं सगळं वाचलं होतं. त्या खाली आल्या आणि पेंटरला म्हणाल्या, "'अध्यक्ष' लिहा." त्याने विचारलं, "'अध्यक्षा' नको का?" त्या म्हणाल्या, "उद्या पुढचे निवडून आले की परत घासावं लागेल, 'अध्यक्ष'च राहू द्या." त्याने लिहिलं. पण खालचा जुना पिवळा रंग पुरता गेलेला नव्हता, आणि दुपारच्या उन्हात शेवटचा 'मन' अजून पुसट दिसतो. दुसरा हात पावसाळ्यानंतर मारायचं ठरलं आहे.